कमरेचा दोरा

निकेशच्या बापाला, नथ्थूला, नागीण निघाली तेव्हा तो पन्नाशीच्या पुढे गेलेला होता. तेव्हापासून मोहल्ल्यात एक गोष्ट पक्की बसली होती, की नागीण निघायची ती पिकल्या अंगाला. म्हणून धान कापणीच्या दिवसांत निकेशच्या उजव्या बरगडीखाली आग सुरू झाली, तेव्हा त्याच्या डोक्यात हजार गोष्टी आल्या, ती एक सोडून. त्याला अजून तिशीही लागली नव्हती.

आधी त्याने दोष खांद्याला दिला. सिंदेवाहीकडच्या त्या गावात तलाव मोठा, ढिवरांची, मासेमारांची, सोसायटी जुनी, आणि फेकजाळं टाकावं तर निकेशनेच, हे म्हाताऱ्यांनीही कबूल केलेलं. जाळं त्याच्या हातून सुटलं की पाण्यावर परातीसारखं गोल पडायचं. गड्याला त्याचा थोडा माजही होता. जाळं फेकताना काहीतरी भरून आलं असेल म्हणून त्याने बायकोकडून, रंजीताकडून, तेल चोळून घेतलं आणि चोळता चोळता तिच्याच अंगावर ओरडला. नुसता हात लागला तरी चटका बसत होता. वरून पाहावं तर कातडी साफ होती, ना वळ, ना फोड.

"मांगूर मासोळीचा काटा लागला असन," तो म्हणाला.

"काटा बरगडीले कसा लागते? मासोळी हातानं धरता ना तुमी?"

त्याने नुसता सदरा अडकवला आणि कापणीला गेला. दिवसा लोकांचं धान कापायचं आणि रात्री तलावाच्या पाळीवर, बांधावर, राखणीला बसायचं, असं त्याचं दिवाळीपासून चाललं होतं. तलावातले मासे मोठे झाले होते आणि ही बातमी चोरांनाही होती. झोपेचं म्हणाल तर धानाच्या भाऱ्याला पाठ टेकून जे काही डोळे मिटतील तेवढीच.

फोड दिसले ते आंघोळीच्या वेळी. बेंबीच्या उजवीकडून थेट पाठीच्या कण्यापर्यंत लाल पट्टा उठला होता आणि त्यावर पाणीदार फोडांचे झुबके. रंजीता पाठीवर पाणी ओतता ओतता थांबली आणि तिने सासूला हाक मारली.

वच्छलाबाईची जीभ आणि हात एकाच वेळी चालत. मोहल्ल्यातली अर्धी जाळी तिने विणलेली, आणि विणता विणता बाकीच्या अर्ध्या मोहल्ल्याचा उद्धार केलेला. त्या सकाळी ती आली, लेकाच्या कमरेकडे पाहिलं आणि काही न बोलता तिथेच उकिडवी बसली. निकेश खरा घाबरला तो आईच्या त्या गप्प बसण्याने.

"काय हाये, माय?"

"नागीण."

"मले? या वयात?"

"वय इचारून येते का ते?" ती म्हणाली, पण आवाजाला नेहमीची धार नव्हती.

नागिणीचं कोणाला नव्याने सांगायला नको. ती कमरेभोवती सरकते, आणि तोंड शेपटाला मिळालं की माणूस गेला, असं सगळेच म्हणतात. वच्छलाबाईच्या माहेरी त्यावर एक तोड होती. मासे अडवायला ओढ्यात बांध घालतात तसा नागिणीची वाट अडवायला माणसाच्या कमरेला दोरा बांधायचा. ज्या अंगाला फोड असतील तिथे दोऱ्याखाली मऊ फडकं ठेवायचं आणि ज्या अंगाला कातडी कोरी असेल तिथे दोऱ्यावर जाळ्याच्या गाठी घालायच्या. वरून गेरूचा लेप लावायचा. नागीण गाठींपाशी येते, वाट बंद पाहते आणि मागे फिरते.

नथ्थूलाही असा दोरा बांधला होता. तो सुताचा होता. नथ्थू दोऱ्यासकट पाण्यात उतरत राहिला, सूत भिजून भिजून कुजलं आणि तुटलं, आणि पुढच्या आठवड्यात तापाने फणफणून नथ्थू गेला. 'दोरा तुटला अन् नथ्थू गेला', हे मोहल्ल्यात एका दमात म्हणत, मधे श्वाससुद्धा घेत नसत.

वच्छलाबाईने पेटी उघडली आणि नव्या जाळ्यासाठी आणलेली नायलॉनच्या दोऱ्याची गुंडी काढली.

"या खेपेले तुटनार नाई," ती म्हणाली.

तिने उजवीकडे जुन्या लुगड्याचं फडकं ठेवलं, डावीकडे गाठींमागून गाठी घातल्या, आणि शेवटची गाठ अशी आवळली, की तलावातला सगळ्यात मोठा कटला मासाही ती सोडवू शकला नसता. तिच्या हाताला सैल बांधणं ठाऊकच नव्हतं.

"दवाखान्यात दाखवू न," रंजीता म्हणाली. ती ब्रह्मपुरीकडची, बारावी शिकलेली, आणि शिकलेली म्हणून या घरात तिचं बोलणं ऐकून घेत, मानत मात्र नसत.

"दवाखान्यात सुई टोचतेत. नागिणीले सुई चालत नाई."

विषय तिथेच मिटला. निकेश घरात पडून राहिला आणि त्याच्या हाताला एक नवं वेड लागलं. घडीघडी तो हात डाव्या कुशीकडे जायचा, गाठी चाचपायचा, गाठींपलीकडची कातडी चाचपायचा. रात्रीपेक्षा आता कण्याला जास्त ठणका आहे का? बेंबीशी खाजतं आहे ते आतून की वरून? भाताचा घास तोंडात तसाच राहायचा आणि तो अंगाकडे कान लावून बसायचा. तीन वर्षांची लेक 'बाबा घे' म्हणून दारात यायची तर आजी तिला ओढून न्यायची. पोरीला त्याने नीट बोलतानाही ऐकलं नव्हतं अजून, पुरी वाक्यं आत्ताच कुठे जुळत होती. बाप गेला तेव्हा निकेश निदान मिसरूड फुटलेला होता. ही तर बापाचा चेहराही विसरून जाईल, या विचाराने त्याला रडू येई, आणि रडताना पोट हललं की आग दुप्पट होई. जिवाची इतकी भीती त्याला पुरात डोंगा उलटला तेव्हाही वाटली नव्हती. तिथे निदान हातपाय मारता आले होते.

आणि मग डाव्या कुशीला चुरचुरायला लागलं.

त्याने आधी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल असं त्याला वाटत होतं. पण चुरचुर वाढली, तेव्हा वच्छलाबाईने नानाजींना बोलावणं धाडलं. नानाजी मोहल्ल्यातले वयाने थोर, साप-विंचवापासून सुनेच्या रुसव्यापर्यंत सगळ्याचे जाणकार. त्यांनी ओल्या फडक्याने गेरू पुसला आणि डोळे बारीक केले. डाव्या अंगाला लाल फोडांची रांग होती.

"तोंड फिरलं," नानाजी म्हणाले. "बांध ओलांडून राह्यली, वच्छला."

"दोरा तं जसाच्या तसा हाये, भाऊ."

"ढिला पडला असन."

दोरा ढिला नव्हता, पण त्या घरात त्या घडीला कोणाचं डोकं ठिकाणावर होतं? वच्छलाबाईने दुसरा दोरा घेतला आणि पहिल्याच्या लगत, पहिल्याहून घट्ट बांधला. निकेशने दातओठ खाल्ले आणि तरीही म्हणाला, "अजून आवळ, माय."

सकाळपर्यंत रांग जाड झाली होती आणि तिच्यातून पाणी येत होतं. रंजीताने ते पाहिलं, सासूला विचारलं नाही, नवऱ्यालाही विचारलं नाही. तिने पोरीला शेजारणीकडे दिलं आणि निकेशसमोर चपला आणून ठेवल्या.

"माय नाई म्हणते," निकेश म्हणाला.

"दोरा राहू द्या कमरेले. दोऱ्याले मी हात लावत नाई. पण चला."

दोरा राहणार म्हटल्यावर त्याच्यात उठायचं बळ आलं. सिंदेवाहीपर्यंत जीपमध्ये तो एका कुल्ल्यावर बसून गेला, आणि प्रत्येक खड्ड्याला त्याचा हात दोऱ्यावर जात होता, तुटला तर नाही ना म्हणून.

डॉक्टरीणबाई त्याच्याच वयाची होती. तिने उजवी बाजू पाहिली आणि लगेच ओळखली. "नागीण आहे. लहानपणी कांजण्या आल्या होत्या?"

"माता आली होती," निकेश म्हणाला.

"तेच ते. तो विषाणू अंगातून जात नाही, नसेच्या मुळाशी झोपून राहतो. अंग थकलं की उठतो. ज्या नसेत झोपलेला असतो तेवढ्याच नसेच्या वाटेने फोड येतात. एक नस, एक बाजू. मधली रेघ ओलांडून ती वेढा घालत नाही."

"पण ही म्हाताऱ्यांची बिमारी ना, मॅडम?"

"म्हाताऱ्यांना जास्त होते. तरुणांना होतच नाही असं नाही. झोप किती होते तुमची?"

रंजीताने सगळं सांगितलं, कापणीचं आणि राखणीचं. डॉक्टरीण म्हणाली, एवढ्या कमी वयात निघाली की आम्ही रक्तही पाहून घेतो, साखर वगैरे. ते ऐकून निकेशला वाटलं, एक संकट कमी होतं म्हणून हे दुसरं. रिपोर्ट येईपर्यंत तो बाकावर भिंतीकडे तोंड करून बसला. रिपोर्टात काही निघालं नाही. डॉक्टरणीने गोळ्या दिल्या, दोन दिवस उशीर केला म्हणून रागावली, खपल्या वाळेपर्यंत लेकीला जवळ घेऊ नका म्हणाली. आग काही आठवडे राहील, घाबरायचं नाही, हेही म्हणाली.

"आणि हा दोरा कशाचा?"

निकेशने सांगितलं. तिने डावीकडचा दोरा बोटाने थोडा सरकवला. गाठी उचलल्या गेल्या आणि प्रत्येक गाठीखाली एक लाल फोड होता.

"ही नागीण नाही हो. हा दोरा आहे. नायलॉन रुतून रुतून कातडी सोलली आहे." तिने ट्रेमधली कात्री उचलली.

निकेशने तिचं मनगटच धरलं. "तोडू नका, मॅडम. माया बापाचा तुटला होता."

डॉक्टरणीने कात्री खाली ठेवली आणि त्याचं धरलेलं बोट न् बोट हलकेच सोडवलं. "घरी जाऊन आजच काढा. नाहीतर तिथे पू होईल, आणि मग खरंच ताप येईल."

परतीच्या वाटेवर निकेशच्या मनात दोन माणसं भांडत होती. एक म्हणत होता, तिने गाठ उचलली आणि खाली फोड होता, हे तू डोळ्यांनी पाहिलंस. दुसरा फक्त एवढंच म्हणत होता, दोरा तुटला अन् नथ्थू गेला. दुसऱ्याचा आवाज मोठा होता.

वच्छलाबाई अंगणात जाळं घेऊन बसली होती, पण सुई हलत नव्हती. ती सुनेवर बरसणार हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून निकेशने तिला संधीच दिली नाही. तो समोर बसला, सदरा वर केला आणि डॉक्टरीण जे बोलली ते सगळं सांगितलं.

"तिले काय समजते? काल शिकून आली," वच्छलाबाई म्हणाली.

"पाह्य तं, माय. एकदा पाह्य."

तिने पदर ओला करून उरलासुरला गेरू पुसला. ऊन थेट कुशीवर येत होतं. तिने उजव्या हाताची दोन बोटं जुळवली आणि एका फोडापासून दुसऱ्या फोडापर्यंत ठेवली. जाळ्याचं एकेक घर ती जन्मभर याच दोन बोटांवर विणत आली होती, डोळे मिटूनही तिचं माप चुकत नसे. बोटं बरोबर बसली. पुढच्या फोडापर्यंत ठेवली, तिथेही बसली. त्याच्या पुढेही.

"हे तं माया हातचं हाये," ती म्हणाली.

निकेशने दोऱ्यावर हात ठेवला. "तोडू का, माय?"

त्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. तिने मान हलवली, त्याला थांबवायला. गाठ सुटण्यातली नव्हती, ती तिनेच घातली होती. ती पुढे वाकली, दोरा त्याच्या पोटापासून बोटाने उचलून धरला आणि जाळं विणताना तोडायची तसा दातांनी तोडला. मग दुसरा. निकेशने डोळे घट्ट मिटले होते, श्वास धरला होता, आणि दोऱ्याची दोन्ही टोकं मांडीवर पडली तरी तो तसाच बसून राहिला. शेजारच्या अंगणात त्याची लेक कोंबडीला रागावत होती. ते ऐकता ऐकता कधीतरी त्याने श्वास सोडला.

वच्छलाबाईच्या हातात नायलॉन होतं. जाळ्याचा दोरा ती कधी वाया घालवत नसे, तिने सवयीने तो बोटांवर गुंडाळायला घेतला आणि मधेच थांबली.

"तुया बापाले आपण दवाखान्यात नेलंच नाई," ती म्हणाली. "ताप चढला होता. जीप उभी होती दारात. पण दोरा तुटला, आता नेऊन काय होते, असंच बोल्लो सारे."

रंजीता आतून गोळी आणि पाण्याचा गिलास घेऊन आली. वच्छलाबाईने दोरा खाली ठेवला, गिलास सुनेच्या हातून घेतला आणि लेकाच्या तोंडाला लावला.