पितळेच्या पाटीवरचं शेवटचं नाव

आमच्या ह्यांना सगळं चकाचक लागतं. सैन्यात होते तेव्हा पट्ट्याचं बक्कल, टोपीवरचा बिल्ला आणि बुटांची टोकं. घरी परत आले तर माझी पातेली, दाराचे कडीकोयंडे आणि एकदा तर शेजाऱ्यांच्या दारावरची पितळी मूठ. शेजारीण मला हसत म्हणाली, "अहो, त्यांना सांगा, आमच्या घरालाही थोडं काम राहू द्या." मी काय सांगणार! ह्या माणसाचा हात रिकामा राहिला की मलाच चुकल्यासारखं वाटतं.

गुडघ्यात गोळी लागली म्हणून हे लवकर निवृत्त झाले आणि नळदुरुस्ती शिकले. पाना हातात घेतला की गुडघ्याचं दुखणं विसरतात, आणि घरी आले की माझ्या तोंडचं बोलणं ऐकूनच त्यांना ते आठवतं. पण ह्यांचा खरा जीव माजी सैनिक मंडळात. बस स्टँडमागे पत्र्याच्या छपराची एक खोली, घडीच्या खुर्च्या, टोप्या अडकवायला खुंट्या आणि चहाची एक भलीमोठी किटली, एवढाच त्यांचा थाट. अध्यक्षांना सगळे 'मिशीवाले' म्हणतात, अगदी त्यांच्या तोंडावर. दवाखान्यात रक्त हवं असलं की पहिला फोन मंडळाला जातो. गेल्या पुरात खालच्या आळीतली म्हातारी माणसं ह्याच पांढऱ्या केसांच्या लोकांनी पाठीवर घेऊन बाहेर काढली. तेव्हा ह्यांचा गुडघा दुखत नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मंडळाचा एक नियम आहे. ज्या घरातला जवान परत आला नाही, त्या घरातलं काहीही बिघडलेलं राहता कामा नये. पंखा असो, कौल असो, नाहीतर नळ. कोणी बोलवायची वाट बघायची नाही, आपणहून जाऊन विचारायचं. हा नियम कुठे लिहिलेला नाही आणि आजवर कोणी मोडलेलाही नाही. मला ह्या लोकांचा अभिमान वाटतो तो ह्यासाठी.

चौकात शहिदांच्या नावांची पितळेची पाटी आहे. ती घासायचं काम ह्यांनी मागून घेतलं. दर रविवारी सकाळी फडकं आणि पॉलिशची डबी घेऊन निघायचे. सगळ्यात खाली ह्यांच्या दोस्ताचं नाव. दोघं एकाच गल्लीतले, एकाच दिवशी भरती झालेले. ज्या चकमकीत ह्यांचा गुडघा गेला, त्याच चकमकीत तो गेला. ह्यांच्या अगदी शेजारी होता. त्या नावापाशी आले की हे मांडी घालून बसायचे, घासता घासता त्याला आठवड्याच्या बातम्या सांगायचे. कोणाचा नळ गळतोय, मिशीवाले कसे चिडले, मी काय बोलले. माझ्या चहाड्या त्याच्याकडे व्हायच्या हे मला ठाऊक होतं. मी काही बोलत नसे.

स्मृतिदिन जवळ आला तेव्हा एका रविवारी मीही बरोबर गेले. हे घासत होते आणि मी सहज नावं मोठ्याने वाचत होते. शेवटच्या ओळीवर अडखळले. तिथे वाचायला काही नव्हतंच. गुळगुळीत, लख्ख पितळ होतं, आणि त्यात माझाच चेहरा दिसत होता.

"अहो," मी म्हटलं, "इथलं नाव कुठे गेलं?"

ह्यांनी वाकून पाहिलं, बोट फिरवलं. इतकी वर्षं ते नाव हे वाचतच नव्हते, त्यांना पाठ होतं. फडकं हातातून गळून पडलं. "मी पुसलं," एवढंच म्हणाले.

खरी धास्ती दोस्ताच्या आईची होती. मावशींना आता जवळजवळ दिसत नाही. दरवर्षी स्मृतिदिनाला त्या पाटीपाशी येतात आणि बोटांनी लेकाचं नाव चाचपतात. बाकी काही मागत नाहीत, तेवढंच त्यांचं. मिशीवाल्यांनी कारागिराला आणून दाखवलं. तो म्हणाला, पाटी उतरवून न्यावी लागेल, स्मृतिदिनाच्या आत काम होणार नाही. मंडळाच्या खोलीत मिशीवाले आम्हाला म्हणाले, "मावशींना आत्ता काही सांगू नका. त्या दिवशी दुसऱ्याच नावावर त्यांचा हात ठेवू. त्यांना काय कळणार?"

हे ताडकन उभे राहिले. अध्यक्षांपुढे ह्यांनी आवाज चढवलेला मी पहिल्यांदाच ऐकला. "तिच्या पोराच्या जागी दुसऱ्याचं पोर? जमायचं नाही." मग हत्यारांची पिशवी उचलली आणि मावशींच्या घराकडे निघाले. मी मागोमाग गेले.

मावशींच्या स्वयंपाकघरात जाऊन ह्यांनी चांगला चालणारा नळ उघडला, बंद केला, परत उघडला. मोरी तपासली. मावशी पाटावर बसून ऐकत होत्या.

"नळाला काही झालेलं नाही रे," त्या म्हणाल्या. "तुझं काय बिघडलंय ते सांग."

मग हे जमिनीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं. "मावशी, माझ्याच हाताने त्याचं नाव पुसलं गेलं. गोळीने नाही नेलं ते मी नेलं." एवढा धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडत होता. माझ्याने बघवेना.

मावशींनी हात पुढे करून ह्यांचं डोकं शोधलं.

"वेड्या, मला कधीचंच माहीत आहे. माझी बोटं काय आंधळी आहेत? दरवर्षी अक्षर जरा कमी लागायचं. बाकीची नावं खरखरीत, माझ्या पोराचं मऊ. मी मनात म्हणायची, कोणीतरी याच्यापाशी जास्त वेळ बसतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तू बसायचा थांबला असतास."

मग मावशी माझ्याकडे तोंड करून म्हणाल्या, "सूनबाई, दार लोटून घे जरा." मी दार लोटलं. त्या ह्यांच्या कानाशी वाकल्या, आवाज एकदम खाली आणला.

"नाव पुन्हा कोरून घे हवं तर. पण हे मऊ-खरखरीतचं बाहेर कुठे बोलू नकोस. बाकीच्यांच्याही आया आहेत. त्यांनी बोटं फिरवली आणि त्यांची पोरं खरखरीत लागली, तर त्यांना काय वाटेल? पुढच्या रविवारपासून सगळ्यांपाशी बस."

ह्यांनी डोळे पुसले, दुखऱ्या गुडघ्यावर हात देऊन उठले, आणि जिला दिसत नव्हतं तिला कडक सलाम ठोकला.