विहिरीमागचा तेरडा

नाल्याच्या पाण्याला वास यायला लागला तेव्हा आईने तिथला तेरडा आणणं बंद केलं. ‘घाणीतली गौर घरात आणायची नाय,’ म्हणाली आणि विहिरीमागच्या ओलीत तिने स्वतःच तेरडा पेरला.

आमच्याकडे तेरडा मुळासकट उपटून त्याचीच गौर बसवतात, त्यामुळे बी पडायच्या आत वाफा रिकामा. आईने चार रोपं राखली तरी शेजारणी मागून न्यायच्या. ती चडफडायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बी मागत फिरायची.

गेल्या वर्षी गौरी तोंडावर असताना आई गेली. घरात सुतक, म्हणून आम्ही गौर आणली नाही. सुतकातल्या घरचा तेरडा शेजारणींनाही नको होता.

यंदा विहिरीमागे पाय ठेवायला जागा नाही.