व्हर्डेलच्या दारातली टोपली

थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी व्हर्डेल गॅस्किन्सचा फोन आला. वेळ मी डायरीत लिहून ठेवली आहे.

"उना, आहेस तशी ये."

"काय झालं? पडलीस का?"

"पडले असते तर बरं झालं असतं. ये."

तिचं पिवळं घर आमच्यापासून तिसरं. चिरत होते तो कांदा तसाच टाकून मी निघाले.

व्हर्डेल कोण, हे आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही, असं मी त्या दिवसापर्यंत समजत होते. एकोणतीस वर्षं ती चौकातल्या औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. डॉक्टरने चुकीचा डोस लिहिला तर त्यालाच फोन करून, "डॉक्टर, चष्मा लावा आणि पुन्हा वाचा," असं सुनावायची. तिचा नवरा रॉस्को पुलांचा इंजिनिअर. माझा डेक्लन टपाल वाटायचा. तो म्हणायचा, "गॅस्किन्सांच्या घरची पत्रंसुद्धा आपल्यापेक्षा जाड कागदाची असतात." आता दोघेही नाहीत. आम्ही दोघी विधवा शुक्रवारी एकत्र सूप पितो आणि एकमेकींच्या औषधांच्या वेळा सांभाळतो.

आमच्या चर्चमध्ये थँक्सगिव्हिंगला गरजू घरांना टोपल्या जातात. नावं गुप्त असतात. टोपली दारात ठेवायची, बेल वाजवायची आणि मागे न बघता निघून यायचं, म्हणजे घेणाऱ्याला लाज वाटू नये. त्या टोपल्यांसाठी व्हर्डेल दर वर्षी रताळ्याच्या चोवीस पाई करते. प्रत्येकीच्या मधोमध पिठाची तीन पानं, सुरीच्या टोकाने शिरा काढलेली. गावात दुसऱ्या कुणालाही ती जमत नाहीत.

तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर टोपली होती. टर्की, डबाबंद मका, एक मेणबत्ती, 'तुम्ही एकटे नाही' असं लिहिलेलं कार्ड. आणि वर, सेलोफेनमध्ये, तीन पानांची पाई.

मला आधी कळलंच नाही. "अगं, वाटायची राहिली का ही?"

"बेल वाजली. दार उघडलं तर कुणी नाही. ही होती."

"चुकून ठेवली असेल."

"कार्ड उलटून बघ."

मागे पेन्सिलने तिचं नाव होतं. मी खुर्ची ओढून बसले.

"काल मी स्वतः चोवीस मोजून दिल्या," व्हर्डेल म्हणाली. "ही काल सकाळच्या घाण्यातली. कडेला जरा करपली म्हणून मी तिच्याकडे बघून हळहळले होते. माझीच पाई मला दान आली, उना."

ती हसेल असं मला वाटलं. ती हसली नाही.

"उद्या सणाच्या मिस्सेत बायबलचं पहिलं वाचन माझं आहे. एकोणीस वर्षं वाचतेय. मी तिथे उभी राहिले की लोकांना कोण दिसतं ते आज कळलं. मी आता येणार नाही. उद्या नाही आणि नंतरही नाही."

रॉस्कोची शवपेटी याच चर्चमधून निघाली होती. तिच्या दोन्ही मुलींची लग्नं इथेच झाली. मी तडक चर्चच्या हॉलमध्ये गेले.

या वर्षी टोपल्यांची समिती नवी होती. प्रमुख कोरिन हॅल्व्हर्सन, पस्तिशीची, मनाने खरंच चांगली मुलगी. तिच्या अंगणात 'इथे सर्वांचं स्वागत आहे' अशी पाटी असते.

"यादीत व्हर्डेलचं नाव कुणी घातलं?"

"मी. म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून," ती म्हणाली. "त्या एकट्या राहतात. दर शनिवारी मागच्या दाराने हॉलमध्ये येताना दिसतात. आम्हांला वाटलं, मागायला संकोच वाटत असेल. या लोकांनी किती सोसलंय, मिसेस डेव्हलिन."

"मागच्या दाराने ती सामान आणून देते, बाई! न्यायला नाही येत!"

तिच्या हातातला चिकटपट्टीचा रोल खाली पडला.

"एकट्या विधवा या चर्चमध्ये सात आहेत," मी म्हणाले. "मी त्यांतली एक. माझा नवरा पोस्टमन होता. माझ्या दारात टोपली का नाही आली?"

कोरिन रडायला लागली. मी तिला रडू दिलं. "चाळीस वर्षांत आमच्यापैकी कुणी तिचा असा अपमान केला नव्हता," असं बजावून मी घरी आले.

'चाळीस वर्षं' हे डायरीत लिहिताना पेन थांबलं. नक्की किती? शाळेत सिस्टर फिलोमिनाने शिकवलं होतं, की तारीख खात्री करून लिहावी. मी १९८४ ची वही काढली.

'१७ ऑक्टोबर, बुधवार. पिवळ्या घरात काळं कुटुंब राहायला आलं आहे. लहान मुली दोन. बिचारी माणसं, हिवाळा तोंडावर. लेकीचे, पेगीचे, जुने कोट पिशवीत घालून दारात ठेवले, बेल वाजवून आले. मनाला फार बरं वाटलं.'

'१८ ऑक्टोबर, गुरुवार. नवी शेजारीण पाई घेऊन आली. लाघवी आहे.'

अक्षर माझंच होतं. आमची मैत्री त्या पाईपासून सुरू झाली, हे मी किती जणांना कौतुकाने सांगितलं होतं. त्याच्या आदल्या दिवशीचं मला काहीही आठवत नव्हतं. आजही आठवत नाही.

सकाळी आठला मी वही घेऊन व्हर्डेलकडे गेले आणि दोन्ही दिवस मोठ्याने वाचले. ती कॉफी ढवळत होती.

"झालं वाचून?"

"तुला माहीत होतं?"

"कॉलरला तुझ्या पेगीच्या नावाची पट्टी शिवलेली होती. तुमच्या त्या सिस्टरांची शिकवण. नाव शिवल्याशिवाय तुम्ही रुमालसुद्धा घराबाहेर सोडत नाही."

"मग पाई का आणलीस?"

"कुणाची पिशवी रिकामी परत करू नये, असं आई म्हणायची. शिवाय आम्हांला बिचारं समजणारीचं घर बघायचं होतं. गालिच्याला भोक होतं तुझ्या, केवढं!"

मला हसता आलं नाही.

"कोट चर्चच्या जुन्या कपड्यांच्या पेटीत टाकले," ती म्हणाली. "पोरींचे नवे घेतलेले होते. रॉस्को मात्र दोन दिवस धड जेवला नाही. घर विकू म्हणत होता."

"मला कधी बोलली का नाहीस?"

"तू रोज सगळं लिहितेस. म्हटलं, कधीतरी वाचशीलही."

"व्हर्डेल, आज चल. माझ्यासाठी."

"नाही गं. दमले मी. तू जा, आणि ते पान त्या पोरीला वाचून दाखव. दर वेळी मीच का समजवायचं?"

पहिलं वाचन फादरांनी केलं. मिस्सेनंतर हॉलमध्ये, कॉफीचे कप हातात धरून समिती उभी होती, तेव्हा मी ते पान वाचलं. 'मनाला फार बरं वाटलं' हे शब्दसुद्धा गाळले नाहीत.

"पण तुम्ही तर त्यांच्या मैत्रीण आहात," कोरिन म्हणाली.

"हो," मी म्हणाले.

दुपारी व्हर्डेलने टोपलीतली पाई कापली. करपलेली कड स्वतःकडे घेतली.

"वाचलंस?"

"वाचलं."

"येत्या रविवारी मला न्यायला येऊ नकोस."

शुक्रवारचं सूप चालू आहे. कोरिन दोनदा तिच्या दाराशी जाऊन आली. दुसऱ्या खेपेला व्हर्डेलने तिला आत घेतलं, बसवलं, पण पाई पुढे ठेवली नाही. मिस्सेला मात्र ती येत नाही. काल अकरावा रविवार झाला. आमच्या बाकावर माझ्या शेजारी मी माझा कोट ठेवते, म्हणजे कुणी बसू नये. घरी येऊन तीच ओळ लिहिते: व्हर्डेल आली नाही.