एका खेपेला एकच भाग

गंजलेला बोल्ट सहजी निघत नाही. त्यावर डिझेल ओतायचं आणि वाट बघत बसायचं. त्या बसण्यात माणसं बोलतात आणि किस्से जमत जातात. आमच्याकडे यंदा इतके जमले, की गाडीपेक्षा तेच जड झालेत!

आम्ही म्हणजे दोघं. मी जवाहरनगरचा, फॅक्टरीत टर्नर. माझा मित्र प्रमोद, त्याचं भंडाऱ्यात डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज. आणि गाडी डोमाजी मास्तरांची. मास्तर आमचे शाळेतले गुरुजी, वय ब्याऐंशी, आवाज अजून वर्गातलाच.

मास्तरांची धाकटी बहीण अनुसयाबाई तिकडे बपेऱ्याला दिलेली. दर भाऊबीजेला मास्तर एसटीने जायचे. यंदा बाईंचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. फोनवर रडत म्हणाल्या, "दादा, ज्या गाडीनं मले सोडून देलं, त्याच गाडीनं येकडाव भेटाले ये. मंग काही मांगत नाही."

बाईंच्या लग्नाला साठ वर्षं होऊन गेलेली. मास्तरांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि हुकूम सोडला, "भाऊबीजेच्या आत गाडी चालली पाह्यजे."

* * *

गाडी गोठ्यात, तणशीच्या ढिगाखाली. प्रमोदने दारावर हात टेकवला आणि हात आरपार गेला! दोन्ही दिवे गायब. सेल्फ-स्टार्टर जळालेला. हाताने फिरवून इंजिन चालू करायचं हँडल, तेही नाही. आम्ही मनातल्या मनात हात जोडले आणि बॉनेट उघडलं.

आत इंजिन तेलाने चकचकत होतं!

"दर दसऱ्याले चमचा-चमचा तेल टाकतो," मास्तर म्हणाले.

"पण मास्तर, गाडी तीस वर्षं बंद आहे ना?"

"मंग? मानूस निजला तं त्याच्या डोक्यावर तेल घालत नाही का!"

* * *

तसलीच दुसरी गाडी दिघोरीत पडली आहे, असं एका जुन्या मिस्त्रीने सांगितलं. गेलो. फागोजी नावाचे म्हातारबुवा, मास्तरांच्याच वयाचे. धानाच्या शेताला लागून त्यांची गाडी उभी, चाकं मातीत रुतलेली. आम्ही मोठ्या आनंदाने सांगितलं, की भाग डोमाजी मास्तरांच्या गाडीसाठी हवेत.

फागोजी ताडकन उठले. "तो? तो मले चोर म्हने! बपेऱ्याले, बहिणीच्या दारात, साऱ्या वऱ्हाड्यायसमोर!"

मग कळलं. दोघं जिवलग मित्र. खाणीतल्या साहेबाच्या दोन सारख्या गाड्या लिलावात निघाल्या, तेव्हा दोघांनी एकेक घेतली. अनुसयाबाईंची वरात घेऊन दोन्ही गाड्या बपेऱ्याला गेल्या आणि परत निघताना मास्तरांच्या गाडीचं हँडल गायब! तसलं हँडल लागणारी दुसरी गाडी एकच, म्हणून मास्तरांनी सरळ फागोजींचं नाव घेतलं आणि गाडी ढकलत चालू करून निघून आले. तेव्हापासून बोलणं बंद.

आम्ही गुपचूप पाने-पकडी पिशवीत भरू लागलो.

"कुठी चालले?" फागोजी ओरडले. "भाग नेऊन राहिले ना? पन येका खेपीले येकच देईन." आणि मग हळूच, "त्याचे गुडघे बरे हायेत का?"

दर खेपेला हेच! भाग एक आणि चौकशा दहा.

* * *

दुसऱ्या खेपेला दिवे मागितले. फागोजींची सून आतून तणतणत आली. तिच्या हातात गाडीच्या दिव्याची वाटी, वाटीत तांदूळ.

"दिवा नेला तं मी तांदूळ कायनं मोजू?"

लग्न होऊन आल्यापासून ती त्याच मापाने रांधत होती! आम्ही बाजारातून नवा स्टीलचा डबा आणून दिला आणि दिवा नेला. पुढच्या खेपेला अंगणात पाय ठेवताच ओरडली, "तुमचा डबा खोटा हाय! चार दिवसांपासून घरचे अर्धपोटी उठून राहिले!"

दुसरा दिवा तिने दिलाच नाही.

* * *

मागचं दार काढताना प्रमोद दम खायला मागच्या सीटवर टेकला. सीटखाली मोहोळ! प्रमोदने सरळ तलाव गाठला आणि अंगावरच्या कपड्यांसकट आत! मी हबकून बघतोय, फागोजी शांतपणे पान जमवताहेत.

"अहो, आधी सांगायचं ना!"

"तुम्ही दार मांगतलं," ते म्हणाले. "सीट कुठी मांगतली?"

* * *

मास्तरांना आम्ही थाप मारली होती, भाग नागपूरच्या भंगारबाजारातून आणले म्हणून. दिवा बसवत होतो. मास्तरांनी कडेवरून बोट फिरवलं आणि थांबले.

"ही कोर माह्याच हातून वाकली होती. हा दिवा फागोचा हाय."

आता दिवा उकिरड्यावर जाणार, गाडी तशीच पडून राहणार आणि बाई वाट बघत राहणार. प्रमोद तर चपला शोधायला लागला.

मास्तरांनी दिव्यावरची धूळ बाहीने पुसली.

"मंग दुसरा काहून नाही आनला?"

* * *

हँडल मागायला माझी जीभ रेटेना. तरी मागितलं.

"माहा हँडल? तो त्याच दिवशी तलावात फेकला," फागोजी म्हणाले. "चोर म्हटल्यावर तो हातात धरवत नव्हता."

शेवटी पोलादी सळई वाकवून मीच हँडल घडवलं. भाऊबीजेच्या सकाळी तिसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडलं आणि मास्तर सासरी निघालेल्या मुलीसारखे हमसून रडले. आम्ही कुठे बघावं, आम्हाला कळेना.

तेवढ्यात फाटकात फागोजी! काखेत पिशवी, पिशवीत दुसरा दिवा.

"माह्या गाडीचे भाग हायेत," ते मला म्हणाले. "चालतेत का नाही, पाहाले आलो."

बपेऱ्यापर्यंत मास्तर पुढे स्टीअरिंगवर, फागोजी मागे. दोघं बोलले ते माझ्यामार्फत.

"त्याले सांग, गेर टाकताना क्लच पूरा दाब."

"त्याले सांग, गाडी माही हाय."

"त्याले सांग, दिवे माहे हायेत!"

* * *

बपेऱ्याला अनुसयाबाई वॉकर धरून दारात उभ्या होत्या. हॉर्न ऐकून डोळ्याला पदर लावला. मग फागोजींना बघितलं आणि लेकाला म्हणाल्या, "दोन पाट मांड."

दोघं शेजारी बसले, तोंडं दोन दिशांना. बाईंनी दोघांना ओवाळलं. मास्तरांनी साडी काढली, तर बाई म्हणाल्या, "थांब दादा. आधी मी देतो तुले."

लेकाने आतून लग्नातली पेटी आणली. बाईंनी शालूची घडी उलगडली आणि आतली वस्तू ताटात ठेवली. दिव्याची वात हलली.

हँडल होतं. गंज नाही, डाग नाही.

"मले वाटे, हे लपवलं तं दादा मले सोडून जानार नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही तं गाडी ढकलत नेली."

मी प्रमोदकडे बघितलं, तर त्याच्या तोंडात लाडू तसाच. मास्तरांच्या कपाळावरचं कुंकू घामाने नाकावर उतरलं होतं.

फागोजींनी हँडल उचललं, शालूच्या पदराने पुसलं आणि साठ वर्षांत पहिल्यांदा मास्तरांकडे तोंड केलं.

"डोमा, वापस जातानी गाडी मी चालवतो. तू ढकल."