मावशीचं निम्मं

माझी मावशी सूत रंगवण्याच्या कारखान्यात शेड जुळवते. गिऱ्हाईक सुताचा बोटभर तुकडा पाठवतं आणि मावशी त्याच रंगाच्या लडीच्या लडी काढून देते. तुकडा खिडकीशी धरायचा, मान किंचित तिरकी करायची आणि सांगायचं, पिवळा चिमूटभर वाढवा. त्यावर मालकही हुज्जत घालत नाहीत. घरी मात्र याच डोळ्याने तिने आम्हाला वात आणलाय. माझी एखादी ओढणी तिने मुकाट्याने पास केली असेल तर शपथ.

अशा बाईचे वडील, म्हणजे माझे आजोबा, लाल-हिरव्यात गोंधळायचे. पुढे मावशीच्या थोरल्याने शाळेत तपकिरी पानांचं आणि हिरव्या खोडाचं झाड काढलं, तेव्हा ती त्याला हाताला धरून डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी सांगितलं की हे आजोबांकडून मावशीत आणि मावशीकडून मुलात आलंय. मुलींना या गोष्टीच्या दोन प्रती मिळतात, एक आईची आणि एक वडिलांची. त्यातली एक जरी चांगली असली तरी भागतं, म्हणून मावशीची नजर शाबूत. मुलाला मात्र एकच प्रत मिळते, तीही आईकडची. तिच्याकडच्या दोनांतली चांगली मिळेल की खराब, शक्यता निम्मी-निम्मी.

मावशीने त्यातलं निम्मं तेवढं उचललं. तिचा जन्म मापात गेलेला. पिंपात निम्मा लाल आणि निम्मा पिवळा घातला की नारिंगी ठरलेला, त्यात नशिबाचा संबंध नाही. तिला मुलगे दोन. निम्मे म्हणजे एक. थोरल्याच्या वाट्याला आलं, धाकटा सुटला, विषय संपला. हे तिने इतकं छातीठोकपणे सांगितलं की कुणाला शंका घ्यायची सोयच उरली नाही. धाकट्याला कधी तपासलंसुद्धा नाही.

पंचाईत अशी की शेड जुळवायच्या खोलीचं वेड होतं ते थोरल्याला. आईचं काम आपणच करणार हे त्याने मनाशी पक्कं केलेलं. ते जमणार नाही म्हटल्यावर त्याने रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा मावशीने त्याला मांडीवर घेऊन समजावलं, "तू घेतलंस म्हणून तुझा भाऊ वाचला." पोराचं रडणं थांबलं. पुढे तो कुलूप-किल्ल्यांच्या धंद्यात शिरला आणि त्यात नाव काढलं. पण धाकट्याकडे तो असा बघायचा, जणू त्याला पुरातून ओढून काढलंय. धाकटा परीक्षेत आपटला तरी हा म्हणायचा, त्याला बोलू नका, त्याच्याकडे आईची नजर आहे. मला कधी हसू यायचं, कधी त्याचं वाईट वाटायचं.

मावशी थकायला लागली तसं तिने धाकट्याला हाताखाली घेतलं. कामाला तो चोख होता. डब्यांवर रंगांची नावं असतात, प्रमाण लिहिलेलं असतं, तराजूवर तोलून मिसळलं की झालं. तेवढ्यावर त्याचं छान निभावत होतं. मग एके सकाळी मालकांनी त्याला खिडकीशी उभं केलं आणि दोन लडी हातात दिल्या, एक शेवाळी आणि एक तपकिरी. त्याने दोन्ही शेजारी धरल्या, मान आईसारखी तिरकी केली आणि म्हणाला, हुबेहूब आहेत, पाठवून द्या. खोलीतली माणसं हसली, त्यांना वाटलं गंमत करतोय. मावशी हसली नाही.

तपासणीला मीही सोबत गेले होते. डॉक्टरबाई त्याच, केस तेवढे पिकलेले. धाकट्यालाही तेच आहे म्हटल्यावर मावशी बाईंवरच घसरली. निम्मी म्हणाला होता ना तुम्ही? मग हा कसा सापडला?

बाई चिडल्या नाहीत. "निम्मी प्रत्येकाची," त्या म्हणाल्या. "थोरल्याच्या वेळी एकदा ठरलं, याच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून. आधीच्याला काय मिळालं, हे पोटातल्या बाळाला माहीत नसतं." दोघंही सुटू शकले असते, एकच सापडला असता, दोघंही सापडू शकत होते. झालं ते शेवटचं.

धाकट्याने खांदे उडवले. त्याला तसंही खिडकीपाशी उभं राहण्यापेक्षा यंत्रांकडे जायचं होतं, आणि आता त्याला चांगलं निमित्त मिळालं. तो परस्पर कारखान्यात गेला. मावशी जिना उतरली. खाली आल्यावर म्हणाली, मला किल्लीच्या दुकानात घेऊन चल.

थोरला मशीनवर किल्ली घासत होता. तिने मशीन बंद करायला लावलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"धाकट्यालाही तेच आहे. तू त्याच्यासाठी काही घेतलं नव्हतंस, बाळा. तुझं तुला आलं, त्याचं त्याला. मी तुला चुकीचं सांगितलं."

मला वाटलं, आता हा कोसळणार. इतकी वर्षं ज्याच्या जोरावर उभा होता तेच काढून घेतलं होतं. तो पुसलेले हात पुन्हा पुसत राहिला.

"म्हणजे एकालाच द्यायचं असं नव्हतं?" त्याने विचारलं.

"नव्हतं."

"मला वाटायचं, दोघांतल्या एकाला द्यायचं होतं," तो म्हणाला, "आणि तू मला निवडलंस."

मावशी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली.  थोरल्याने तिला पाणी दिलं. ते तसंच हातात धरून तिने त्याच्याकडे पाहिलं.

"निवडायचं माझ्या हातात असतं तर कुणालाच दिलं नसतं."

"कळलं आता," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका मोकळा मी लहानपणीही पाहिला नव्हता. मग धाकटा कुठे आहे असं विचारून त्याने शटर ओढलं आणि भर दुपारी दुकान बंद करून भावाकडे निघाला.