कोर्कोईची गुपचूप तयारी

अक्राजवळच्या, समुद्रकाठच्या तेशी गावात परदेशी निघालेला माणूस विमानात बसेपर्यंत कुणाला ताकास तूर लागू देत नाही. नुसतं "जाणार आहे" म्हटलं की गल्लीतल्या निम्म्या जिभा वळवळतात, दृष्ट लागते आणि कागद अडतात, अशी सगळ्यांची पक्की समजूत. शिकलेसवरलेलेही ती पाळतात. उगाच कशाला विषाची परीक्षा!

कोर्कोई लाम्प्तेने तर ती व्रतासारखी पाळली. वीस वर्षं ती अक्राच्या एका इस्पितळात आजाऱ्यांना अंघोळ घालत होती, कूस बदलून देत होती. समुद्रापलीकडच्या एका थंड गावातल्या वृद्धाश्रमाने तिला तेच काम देऊ केलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, आपलंही काही भलं होणार. तिने व्हिसाचा अर्ज भरला, जुन्या कपड्यांच्या बाजारातून लोकरीचा कोट आणून पलंगाखाली दडवला. सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नाही.

थोरली देदेई शेजारच्याच खोलीत राही आणि दाराशी केंकी विकत असे. आंबवलेल्या मक्याचे पानांत उकडलेले उंडे, सोबत तळलेली मासळी आणि झणझणीत मिरची. आईमागे कोर्कोईला तिनेच वाढवलं. स्वतः शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण धाकटीला शिकवलं. आणि या धाकटीला वाटत होतं, ताई बोलभांड, गिऱ्हाइकांपुढे बोलून बसेल! अर्जात जवळच्या नातलगाचा फोन नंबर हवा होता. तो मात्र तिने ताईचाच दिला. एवढ्याशासाठी फोन कोण करतंय?

वकिलातीचं उत्तर आलं ते मंगळवारी दुपारी. मंगळवारी रिवाजाप्रमाणे कोळ्यांच्या होड्या समुद्रात जात नाहीत, म्हणून देदेईकडे गर्दी नव्हती. कोर्कोईने तिच्याच बाकावर बसून पत्र दोनदा वाचलं. तुमच्या बहिणीला फोन केला असता, तुम्ही कुठेही जाणार नाही असं तिने ठामपणे सांगितलं; तुमच्या माहितीवर विश्वास ठेवता येत नाही; व्हिसा नाकारला आहे. कोर्कोईचं डोकंच फिरलं. ताईनेच गळा कापला?

"नाही म्हणाले ना?" देदेईने विचारलं.

"कोण? कशाला?"

"आता पुरे कर नाटक! पलंगाखाली अख्खं मेंढरू दडवलंस आणि मला कळणार नाही होय? झाडू कोण मारतं तुझ्या खोलीत? पण मी कुठे चकार शब्द काढला? मागच्या महिन्यात कुणी एक मेला फोनवर गोड गोड बोलून विचारत होता, तुमची बहीण परदेशी जाणार का हो? मी ओळखलं, कोपऱ्यावरच्या साबणवालीनेच लावून दिलाय. म्हटलं, ती कशाला मरायला जाते कुठे? पुन्हा फोन केलास तर उकळतं पाणी ओतीन! अस्सा गप्प केला म्हणून सांगू!"

कोर्कोईचा राग जागच्या जागी विरला. त्याच्यामागून जी हळहळ आली, ती रागाहून वाईट होती. 'ताई, कुणी विचारलं तर हो म्हण.' एवढं एक वाक्य! जिच्या तोंडाचा तिला भरवसा नव्हता, त्या बाईने तिचं गुपित तिच्याहून चोख राखलं होतं.

"काय लिहिलंय गं त्यात?"

"जागा भरल्या म्हणतात."

"आंधळे मेले!" देदेईने सगळ्यांत मोठी केंकी सोलून तिच्यापुढे ठेवली. "खा आधी. जीव लहान करू नकोस, पुन्हा अर्ज कर. आणि मला सांगितलं नाहीस ते बरंच केलंस हो. पुढच्या वेळीही सांगू नकोस."

कोर्कोईने मान हलवली आणि खाली बघून घास मोडला.

पुन्हा अर्ज तिने कधी केलाच नाही. पुढे कधीतरी गोष्ट फुटली, तेव्हा इस्पितळातल्या बाया 'पुन्हा का नाही करत?' असं विचारून विचारून थकल्या. पण अर्ज करायचा, तर आधी ताईला खरं सांगावं लागलं असतं.