कुत्र्याने चाटलेला मध

पंचफुलाबाईंबद्दल लिहायला बसलो आणि लक्षात आलं, मला त्यांचं माहेरही माहीत नाही. सौसरला त्यांच्या आणि माझ्या अंगणाच्या मध्ये कमरेएवढी एकच भिंत. पण इतक्या वर्षांत बोलणं झालं ते नळ आला का, लाइन गेली का, एवढंच. तेव्हा हे सगळं भिंतीवरून दिसलेलं आणि थोडं कानावर आलेलं आहे. काही चुकलं असेल तर ते माझं.

त्यांचे यजमान नत्थूजी पांढुर्ण्याच्या मंडीत संत्र्याच्या पेट्या भरायचे. ते गेल्यावर बाई बोरगावच्या वाटेवर गजेंद्रच्या बगीच्यात संत्रा तोडायला जाऊ लागल्या. मग कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या आणि मधमाश्यांच्या चार-पाच पेट्या घेऊन आल्या. गजेंद्रला विचारून त्या त्याच्याच झाडांखाली मांडल्या. मी म्हटलं, डसतील की. तर म्हणाल्या, "डसू द्या ना काकाजी. मजुरी दुसऱ्याची असते. हे माह्यं राहीन."

आंबिया बहार, म्हणजे संत्र्याची उन्हाळ्याआधीची फुलं, सरल्यावर त्यांनी पहिला मध काढला. मी तेव्हा बगीच्यात गेलो होतो, लांबच उभा होतो. चौकटीवरचं मेण त्यांनी सुरीनं खरवडलं, चौकटी पिंपात लावल्या आणि दांडा फिरवला. खाली तोटीतून मध येऊ लागला. माझ्या हातावर थेंब देऊन त्यांनी विचारलं, "कसा हाय?"

"गोड."

"गोड त गूळ भी असते. नीट सांगा ना जी!"

मी हात पुन्हा चाटला. शेवटी म्हटलं, "संत्र्याच्या फुलाचा वास येतो." त्या एवढ्या हसल्या, की दांडा फिरवायचा राहून गेला.

बाटल्या भरून त्यांनी जामसांवलीला विनोदच्या प्रसादाच्या दुकानात ठेवल्या. मारुतीच्या दर्शनाला आलेली माणसं घेऊन जायची. उन्हाळाभर बरं चाललं. विनोद लोकांना सांगायचा, आमच्या सौसरच्या बाईचा मध आहे, डोळे मिटून न्या.

पावसाळ्यात फुलं नव्हती. बाई साखरेचा पाक करून पेट्यांत ठेवायच्या. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं, पाकाचं भगोनं डोक्यावर घेऊन भर रस्त्यानं जायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "त्यायचा मध आपण काढून घेतला. आता झडीत त्यायनं काय खावं? हे त्यायच्या पोटाले, आपल्या बाटलीत नाही येत."

मग थंडी पडली आणि उरलेल्या बाटल्यांतला मध गोठला. तळाशी पांढरा, दाणेदार थर बसला. संत्र्याचा मध थंडीत असाच बसतो म्हणतात. मला तेव्हा माहीत नव्हतं, बाई सोडून तिथं कोणालाच नव्हतं. लोकांना एवढंच माहीत होतं, की ही बाई साखर घेऊन जाते.

त्या शनिवारी मी जामसांवलीलाच होतो. विनोदच्या दुकानासमोर घोळका जमला होता. एक गिऱ्हाईक बाटली उलटी धरून म्हणत होता, "हे का होय? साखरच त हाय!" बाई सांगत होत्या, मध थंडीत बसतो, उन्हात ठेवला की पातळ होतो.

"अन् पावसाळ्यात साखर नेत होती, ते कायले? माश्यायचं लगन होतं का?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले.

विनोदला बाईंची बाजू घ्यायचीच होती. तो म्हणाला, "थांबा, आत्ता सिद्ध करतो. खऱ्या मधाले कुत्रा तोंड लावत नाही." आमच्याकडे हे सगळेच मानतात. बाईही मानत असाव्यात, कारण त्यांनीच झाकण उघडून दिलं. विनोदनं पोळीच्या तुकड्यावर मध घातला आणि दुकानाखाली झोपलेल्या कुत्र्यापुढे टाकला.

कुत्र्यानं हुंगलं. मग तुकडा खाल्ला आणि जमीनही चाटली.

"कुत्रा भुकेला असेल," मी म्हणालो. माझा आवाज लहान आहे, पण तेव्हा ऐकू गेला.

"काकाजी, तुम्हाले त शुगर हाय. तुम्ही काहून बोलून राहिले?" घोळक्यातून कोणी म्हणालं.

पुन्हा हसू. बाई कुत्र्याकडे बघत राहिल्या. विनोदनं मान खाली घालून बाटल्या पिशवीत भरून दिल्या.

पुढच्या बहारातही मध निघाला. तो कोणी घेतला नाही. आणि पावसाळा लागला तेव्हा बाईंनी पाक करणं बंद केलं. भिंतीवरून मी विचारलं, यंदा साखर नाही न्यायची? "नाही जी. आता कोणाले काही म्हणायले जागाच नाही ठेवत."

"अन् माश्या?"

त्या आत निघून गेल्या. मी साखर आणून देणार तरी कशी? तीही लोकांनी पाहिलीच असती. बैलपोळ्याच्या सुमारास गजेंद्रनं सांगितलं, काही पेट्यांत माश्या तळाशी मरून पडल्यात, बाकीच्या उडून गेल्या.

बाई पुन्हा संत्रा तोडायला जाऊ लागल्या. थंडीत त्यांना ताप आला, नागपूरला नेलं, परत आल्या नाहीत. तापाच्या आधी एका संध्याकाळी त्या किराणा घेऊन येताना फाटकाशी दिसल्या होत्या. पिशवीचं तोंड पदरानं झाकलेलं होतं.

"काय आणलं?" मी विचारलं.

"साखर काकाजी. चहाची."

"बरं," मी म्हटलं.